एकट्या आईसाठी खोली

मंजुषा पाग्यांना घाबरायची सवय नव्हती. नवरा गेला तेव्हा त्या रडल्या, पण घाबरल्या नाहीत. बँकेच्या काउंटरवर बसून त्यांनी उभ्या इंदूरच्या तोंडाला तोंड दिलं, निशांतला एकटीनं वाढवून इंजिनीअर केलं, आणि तो विजय नगरात फ्लॅट घेऊन राहायला गेला तेव्हाही त्या एकट्याच निवांत झोपत होत्या. अशा बाईची हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी पाचावर धारण बसली. तीही स्वतःच्याच करणीनं, आणि हेच त्यांना जास्त लागत होतं.

निवृत्तीच्या वेळी हातात जे आलं, त्याचं काय करायचं यावर मायलेकांत बराच खल झाला होता. निशांतचं म्हणणं सरळ होतं. "आई, विजय नगरला टू-बीएचके घे, आयटीवाल्या पोरांना दे. महिन्याच्या महिन्याला किराया खात्यात, नो टेन्शन." मंजुषाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खंडवा रोडवर, सिमरोलकडे जाताना लागणाऱ्या एका कॉलनीत दुमजली घर घेतलं. पाच खोल्या पाडल्या, प्रत्येकीला आपली मोरी, आपला ओटा. वरती गच्चीला लागून स्वतःसाठी एक. भाडं असं ठेवलं की कमावत्या बाईला पेलावं आणि घराची डागडुजी निघावी. अट एकच, भाडेकरू एकटी आई हवी. निशांतनं कपाळाला हात लावला. "लोक इन्व्हेस्टमेंट करतात, तू धर्मशाळा काढलीस," म्हणाला. पण नळजोडणीसाठी महिनाभर खेटे तोच घालत होता.

या हट्टाला कारण होतं. नवरा गेल्यावर सहा वर्षांच्या निशांतचं बोट धरून मंजुषाताई खोली शोधत हिंडल्या होत्या. प्रत्येक घरमालक पहिला प्रश्न तोच विचारायचा, "साथ में कौन रहेगा?" मी आणि माझा मुलगा, म्हटलं की मालकाचा चेहरा बदलायचा. समोर खोलीचं दार सताड उघडं असायचं, भिंतींना नव्या चुन्याचा वास असायचा, आणि तो खुशाल म्हणायचा, "अभी तो खाली नहीं है, बहनजी." रिकाम्या खोलीसमोर उभं राहून हे ऐकायचं. त्या अपमानाचा कढ इतक्या वर्षांतही निवला नव्हता. आपल्या घरात हे वाक्य कुणाला ऐकावं लागणार नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं.

चार खोल्या भरल्या होत्या. विनीता नर्स होती, दोन मुलांची आई. पलक ब्यूटी पार्लरमध्ये काम करायची, तिला मराठी समजायचं पण बोलायची हिंदी. कमल सिमरोलच्या कॅम्पसमधल्या मेसमध्ये स्वयंपाक करायची आणि तिथल्या पोरांना दम देऊन भाजी खायला लावायची. आणि दिवाळीनंतर आलेली निधी, वरच्या मागच्या खोलीत, चार वर्षांच्या रेवाला घेऊन. तळमजल्याची पाचवी खोली नुकतीच रंगवून रिकामी होती.

निधी मानपूरहून आली होती. तिचा नवरा, सार्थक जगदाळे, याचं हायवेवर टायरचं दुकान होतं. सासरे दौलतराव होते तोवर त्यांच्या धाकानं तो जरा दबून असायचा. ते गेले आणि त्याला रान मोकळं मिळालं. मारायचा तर होताच, पण निधीला माराची तेवढी भीती नव्हती. त्याची दुसरी एक तऱ्हा होती. भांडण झालं की तो रेवाला जीपमध्ये टाकायचा, घाटात गाडी भरधाव सोडायचा आणि निधीला फोन लावून तो चालूच ठेवायचा, पोरीचं रडणं तिला ऐकू यावं म्हणून. "पळालीस तर पोरगी अशीच घेऊन जाईन," तो म्हणायचा, "मग शोधत बस." निधी पळाली. कोर्टात केस चालू होती. पण कोर्टाची तारीख आणि सार्थकची जीप यांत जास्त पळणारं काय आहे, हे सांगायला वकील लागत नाही. म्हणून ती इथे राहते हे बाहेर कुणालाही कळू द्यायचं नाही, असं सगळ्या घरानं ठरवलं होतं.

आणि हे ठरवण्यात मंजुषाताईच पुढे होत्या.

पण हळदीकुंकू हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. विधवा झाल्यापासून त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. एकदा तर शेजारणीनं दारातूनच तिळगूळ हातावर ठेवून परत पाठवलं होतं. म्हणून या घरात त्या दर संक्रांतीला हळदीकुंकू करायच्या, आणि सगळ्यांना बोलवायच्या. विधवा असो, टाकलेली असो, सोडून आलेली असो, जी येईल तिला कुंकू लागेल. आमंत्रण मराठी महिला मंडळाच्या ग्रुपवर जायचं, पत्त्यासकट, 'अगत्य येणे' असं लिहून. त्या ग्रुपवर इंदूरच्याच नाही, महू, देवास, धारपर्यंतच्या बायका होत्या. आपल्या घरात काय चाललंय ते या बायकांनी बघावं, ही त्यांची हौस होती. चांगलं काम केलं की ते चार माणसांना दिसावं असं वाटतंच, त्यात त्यांचं काय चुकलं? पण या वर्षी आमंत्रणासोबत त्यांनी एक फोटो टाकला.

फोटो काढताना निधी म्हणाली होती, "काकू, रेवाचा नको हं."

"वेडी का तू," मंजुषाताई म्हणाल्या, "मला अक्कल नाही का? पाठमोरा काढते. चेहरा दिसणार नाही." आणि त्यांनी खरंच चेहरा येऊ दिला नाही. तिळाच्या लाडवांच्या ताटापुढे परकर-पोलकं घालून बसलेली एक पाठमोरी पोर, एवढंच. शंभर बायकांनी त्याला हात जोडले, फुलं पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी विनीताच्या फोनवर निधीनं तो पाहिला, आणि ती तशीच मंजुषाताईंकडे धावली.

"काकू, परकर," ती म्हणाली.

हिरव्या खणाचा परकर होता. खण पुरला नव्हता म्हणून खाली जांभळ्या खणाची पट्टी जोडलेली. आणि ती पट्टी जोडणारी होती निधीची सासू, इंदुमती. असा परकर अख्ख्या माळव्यात दुसरा नव्हता. मंजुषाताईंनी चेहरा झाकला आणि नेमकी ओळख उघडी टाकली. त्यांनी घाईघाईनं फोटो काढून टाकला, पण तोवर तो किती फोनांत गेला होता देव जाणे. मानपूरची एक बाई ग्रुपमध्ये होती, जगदाळ्यांच्या शेजारची. तिनं तो पाहिलेला होता.

"सासूनं ओळखला तर?" मंजुषाताईंनी विचारलं.

"ओळखणारच. आणि ती त्याला सांगणारच," निधी म्हणाली. "त्यानं मला मारताना ती ओट्यापाशी उभी राहून भाजी चिरायची, काकू. एकदा पण तोंडातून शब्द काढला नाही."

 निधी पिशवी भरायला लागली. जाणार कुठे, ते तिला ठाऊक नव्हतं. विनीतानं पिशवी हातातून काढून घेतली. "रस्त्यावर सापडण्यापेक्षा घरात बरी," ती म्हणाली. निशांतनं फोनवर सांगितलं, "आई, कॅन्सल कर ना यार ते हळदीकुंकू." त्यावर पण विनीतानंच डोकं चालवलं. आमंत्रण मागे घेतलं तरी निम्म्या बायका येणारच, वर काय झालं म्हणून विचारत बसणार. त्यापेक्षा घर बायकांनी भरलेलं असू दे, भरल्या घरात तो हात घालायला कचरेल. सकाळी मंजुषाताई चौकीवरही जाऊन आल्या. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मैडम, पहले वो आए तो सही. फिर फोन लगा देना." तो येईल तेव्हा फोन लावायला हात मोकळा राहील का, हे विचारायचं त्यांच्या तोंडावर आलं होतं, पण त्या परत आल्या.

मग ठरलं असं. निधी आणि रेवानं वर विनीताच्या खोलीत तिच्यासोबत कडी लावून बसायचं. फाटकावर पलक. कार्यक्रम तळमजल्याच्या रिकाम्या खोलीत, म्हणजे कुणाला जिना चढायचं कारण नको.

दुपार कलली तशा बायका यायला लागल्या. रिकाम्या खोलीत सतरंजी अंथरली होती, भिंतींना नव्या रंगाचा वास होता, कोपऱ्यात हरभरा, बोरं, उसाचे करवे आणि वाणाच्या स्टीलच्या डब्या मांडल्या होत्या. दर वर्षी मंजुषाताई या दिवशी पाखरासारख्या भिरभिरत असायच्या. आज त्या कुंकू लावताना समोरच्या कपाळाकडे न बघता दाराकडे बघत होत्या. कुणाचं कुंकू भुवईवर गेलं, कुणाचं नाकावर सांडलं. बाहेर हॉर्न वाजला की त्या कोयरी ठेवून खिडकीशी जायच्या. आधी कचऱ्याची गाडी निघाली, मग पाण्याचा टँकर. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. पण यांच्यामागचा ब्रह्मराक्षस खरा होता, आणि त्याला गाडी चालवता येत होती.

पलक आत आली आणि कानाशी लागली. "आंटी, मोड़ पे एक सफेद जीप खड़ी है. कब से. कोई उतर नहीं रहा."

"कोण आहे आत?"

"शीशा काला है."

 मंजुषाताईंनी पलकला परत फाटकावर पाठवलं आणि फोन कमरेला खोचला. एवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. साठीची, कृश, मोतिया रंगाचं साधं पातळ, कपाळ मोकळं. एकटीच होती. अशा वेळी बायका जोडीनं येतात, ही एकटी. चपला काढून ती आत आली आणि भिंतीला टेकून जिन्याच्या दाराजवळ बसली.

"कुठून आलात?" मंजुषाताईंनी विचारलं.

"महूकडून," बाई म्हणाली. एवढंच. नाव सांगितलं नाही, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बाईला नाव विचारत बसायची रीत नाही. आलेली बाई परत धाडायची तर मुळीच नाही.

कुंकवाचं बोट पुढे केलं तेव्हा ती जराशी मागे सरली. मग तिनं डोळे मिटून कपाळ पुढे केलं. विधवा आहे, एवढं मंजुषाताईंना कळलं. एरवी त्यांना भरून आलं असतं. आज त्यांचं लक्ष तिच्या बसण्याकडे होतं. बाई कुणाशी धड बोलत नव्हती. कमल तिच्याशी काही बोलायला गेली की ती तिच्याकडे तोंड न करता मान वळवून थेट जिन्याकडे बघायची. पुन्हा पुन्हा जिन्याकडेच. वर कोण आहे याचा कानोसा घेतेय, मंजुषाताईंना वाटलं.

कमलला या संशयाची कसली कल्पना? ती नेहमीसारखी सगळ्यांना उखाण्याचा आग्रह करत सुटली होती. फिरत फिरत या बाईपाशी आली. "तुम्ही पण घ्या ना, ताई. आमच्याकडे सगळ्यांनी घ्यायचा. नवरा असो नसो, नाव तर आहे ना."

बायका हसल्या. ती हसली नाही. तिनं क्षणभर मंजुषाताईंकडे रोखून पाहिलं आणि एकदम मोठ्या, खणखणीत आवाजात म्हणाली,

"दारी थांबली गाडी, गाडीत बसला लेक,
दौलतरावांचं नाव घेते, आत आले मी एक."

"वा, ताजा ताजा बनवला," कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. मंजुषाताईंना टाळ्या ऐकूच आल्या नाहीत. दौलतराव. मानपूरचे दौलतराव जगदाळे. निधीची सासू त्यांच्या समोर, त्यांच्याच सतरंजीवर, त्यांच्याच हातचं कुंकू लावून बसली होती.

आणि त्याच वेळी वरून, बंद दारामागून, लहान आवाज आला. "आजी! माझी आजी!"

पुढचं ओरडणं कुणीतरी तोंडावर हात ठेवून दाबलं. खोलीत बायका आपापल्या गप्पांत होत्या, पण मंजुषाताईंना वाटलं की सगळं घर थांबलंय. इंदुमतीनं मान वर केली. तिचे ओठ हलले.

"वरच्या किरायेदाराची मुलगी," मंजुषाताई म्हणाल्या. आवाज स्वतःलाच परका वाटला. "सगळ्यांनाच आजी म्हणते ती."

"हो का," इंदुमती म्हणाली आणि खाली बघून पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

आता ही उठेल, बाहेर जाईल, काळ्या काचेवर टकटक करेल, आणि मग जे व्हायचं ते होईल. मंजुषाताई हिशेब करत होत्या. चौकीवरून माणूस यायला किती वेळ लागेल, मागच्या भिंतीवरून पोरीला पलीकडे देता येईल का, विनीताच्या दाराची कडी किती मजबूत आहे. आपण लोखंडी का बसवली नाही, हा विचार त्यांना त्या घटकेला छळत होता. एकीकडे त्या वाण वाटत होत्या, हसत होत्या, "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणत होत्या.

बायका पांगल्या. काही अंगणात कमलशी बोलत उभ्या राहिल्या. खोलीत दोघीच उरल्या तेव्हा इंदुमती उठली, पण दाराकडे गेली नाही. ती मंजुषाताईंच्या अगदी जवळ आली.

"तुम्ही निधीला..." मंजुषाताई बोलू लागल्या.

"जरा या बाजूनं बोला," इंदुमती म्हणाली आणि तिनं डावा कान पुढे केला. "उजवा गेला."

"कशानं?"

"मुलानं."

मंजुषाताईंना तिचं ते मान वळवणं आठवलं. जो बोलेल त्याच्याकडे चांगला कान करायचा, म्हणून तोंड जिन्याकडे जायचं. पण भीती अशी चटकन सोडत नाही. ही बाई आत्ता आपल्याला बोलण्यात गुंतवतेय आणि तो मागून येतोय, असंही त्यांना वाटून गेलं. त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. कडी लागलेली होती.

"शेजारणीनं फोटो दाखवला," इंदुमती हलक्या आवाजात, भराभर बोलू लागली. "त्याच्यासमोरच दाखवला. मी म्हटलं, असे परकर गल्लोगल्ली मिळतात. त्याला काही पटलं नाही. तो स्वतःच आत शिरणार होता. मग मी म्हटलं, बायकांच्या हळदीकुंकवात पुरुष शिरला तर तमाशा होईल, मी बघून येते. म्हणून नाव घेतलं. तुम्ही ओळखावं, पोरीला आत लपवावं, म्हणून."

बाहेर हॉर्न वाजला. लांब, दाबून धरलेला. इंदुमतीनं खांदे आखडून घेतले. तो कुणाचा, हे तिला न बघताही कळलं होतं.

"मी त्याला सांगते, इथे नाहीत त्या. पण एक विचारू का?" तिनं खोलीभर नजर फिरवली. सतरंजी, ओटा, खिडकी. "शेजारीण म्हणत होती, तुमच्याकडे एकट्या आईला खोली मिळते. माझं पण मूल आहे. तेहतीस वर्षांचं आहे. बाहेर गाडीत बसलंय. त्याच्यापासून दूर राहायला मिळेल का कुठे? मी पोळ्या करते, शिवते. किराया देईन."

मंजुषाताईंनी तोंड उघडलं. खरं तर हो म्हणायचं होतं, असं त्यांनी पुढे शंभरदा स्वतःला सांगितलं. पण त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे रेवा होती, वर तोंड दाबून धरलेली, आणि बाहेर तो हॉर्न. हिला ठेवून घेतलं तर तो आईला न्यायला आत येईल. आणि हे सगळं नाटक असेल तर? भाजी चिरत उभी राहणारी बाई आहे ही. माझ्या घरात चार आया आहेत, त्यांची मुलं आहेत. भीतीनं त्यांची जीभ आपोआप हलली.

"सध्या रिकामी नाही हो खोली," त्या म्हणाल्या. "सगळ्या भरल्यात."

नव्या रंगाचा वास दोघींच्या नाकात होता. इंदुमतीनं पुन्हा एकदा त्या उघड्या, रिकाम्या खोलीकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"हो, बरोबर आहे," ती समजुतीनं म्हणाली. "असू द्या."

तिनं वाणाची डबी उचलली, पदराखाली धरली. दारात चपला घालताना थांबली. "परकर आखूड झाला असेल आता तिला," म्हणाली. "दुमड ठेवलीय आत. उसवली की वीतभर लांब होईल. निधीला सांगा."

मंजुषाताई फाटकापर्यंत मागे गेल्या.  त्यांनी पाहिलं, जीपचं दार आतून उघडलं गेलं. इंदुमती चढण्याआधी काहीतरी बोलली. आतून चढा आवाज आला, "पक्कं? सगळ्या खोल्या बघितल्या?" आणि तिचा खणखणीत आवाज, उखाणा घेतला तसाच, "सगळ्या बघितल्या. नाहीत." दार आपटलं. जीप जागेवरच घरघरत राहिली. तो उतरतोय, आता उतरतोय, मंजुषाताईंनी फाटकाचे गज घट्ट धरले, पलकनं फोन वर केला. मग जीपनं वळण घेतलं आणि ती खंडवा रोडकडे निघून गेली.

अंगणातल्या बायकांना काही कळलं नाही. त्या तिळगूळ बांधून घेत, हसत घरी गेल्या. फाटकाला कुलूप लागलं. मंजुषाताई परत त्या खोलीत आल्या आणि सतरंजीवर बसल्या. सुटलो, असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती बाई त्या जीपमध्ये आत्ता त्याच्या शेजारी बसली असेल, बहिरा कान त्याच्या बाजूला करून, आणि घाट समोर येत असेल.

जिन्यावर पावलं वाजली. निधी खाली आली. कडेवर रेवा होती, रडून रडून डोळे सुजलेली.

"मी ऐकलं, काकू," ती म्हणाली. "जिन्यातच होते मी. विनीताताईला रेवाला धरायला सांगून आले होते."

"मी नाही म्हटलं गं तिला," मंजुषाताई म्हणाल्या. "रिकाम्या खोलीत उभं राहून नाही म्हटलं. मला कायम वाटायचं, ती माणसं दुष्ट होती, मला नाही म्हणणारी. मी पण तेच म्हटलं. शब्दसुद्धा तेच." त्यांनी सतरंजीची सुरकुती हातानं सारखी केली. "घाबरले मी."

"मी पण घाबरले. मला एक हाक मारता आली असती वरून. नाही मारली. मला वाटलं, ढोंग करताहेत." निधी खाली बसली. रेवाच्या परकराचा काठ तिनं उलटा केला. आत खरोखरच एक रुंद दुमड होती, बारीक टाक्यांनी शिवलेली. ती तिनं आजवर पाहिली नव्हती. "त्यांना निरोप कसा द्यायचा?" ती म्हणाली. "त्यांच्याकडे फोन नाही. तो देत नाही."

ती दुमडीचे टाके चाचपत राहिली. मग निधीच म्हणाली, "शेजारीण आहे ना ग्रुपवर. ती सगळं दाखवते सगळ्यांना."

मंजुषाताईंनी फोनकडे पाहिलं. "याच फोननं आग लावली," त्या म्हणाल्या. "आणि त्यानं पाहिलं तर?"

"त्याला काय कळणार? खोली किरायानं आहे, एवढंच. तुम्ही लिहा, काकू. त्यांना कळेल."

"तुला चालेल? ती इथे आली तर तो तिला शोधत येईल. मग तू, रेवा..."

"भीती तर वाटतेच," निधी म्हणाली. "वाटणारच आहे. पण आज त्यांनी त्याच्या तोंडावर खोटं सांगितलं. मला तर आजपर्यंत जमलं नव्हतं ते." तिनं रेवाला मांडीवर घट्ट धरलं. "फाटकाला लोखंडी कडी बसवू. अजून एक कुलूप आणू. निशांतदादाला म्हणा, कॅमेरा लाव."

मंजुषाताईंनी चष्मा लावला. अक्षरं चुकत होती, पुन्हा पुन्हा खोडून त्या लिहीत होत्या. मराठी महिला मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं, खंडवा रोडवरच्या घरात तळमजल्याची खोली रिकामी आहे. चौकशीला चुकीचं उत्तर मिळालं असल्यास क्षमस्व. खोली आजही रिकामी आहे, आणि राहील. फक्त एकट्या आईसाठी.

"फोटो टाकू का खोलीचा?" त्यांनी विचारलं, आणि लगेच म्हणाल्या, "नको, नको. फोटो नको."

मग थोडा विचार करून त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली, निधीला वाचून दाखवली आणि पाठवून दिली. मुलाच्या वयाची अट नाही.

बाहेर कुठली तरी गाडी गेली. दोघींनी श्वास रोखला, ती दूर जाईपर्यंत. सतरंजी गुंडाळायची होती, पण मंजुषाताईंनी ती तशीच अंथरलेली ठेवली.